कापसाच्या धाग्यात काय असते? रासायनिक घडण आणि तिचा प्रतीशी संबंध

कापसाचा एक धागा म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच पेशी असते. फूल उमलते त्या दिवशी सालीवरच्या काही पेशी फुगू लागतात, साधारण तीन आठवड्यांत त्या आपल्या जाडीच्या हजार-दीड हजार पट लांब होतात, पुढचे तीन ते चार आठवडे आतून भरत राहतात आणि बोंड उकलल्यावर वाळून जातात. आपण वेचतो ती या वाळलेल्या पेशींची भिंत. एका सरकीवर असे दहा हजारांहून अधिक धागे असतात.

बाजारात किंवा खरेदी केंद्रावर कापसाची प्रत ठरवताना धाग्याची लांबी, मायक्रोनेअर, ताकद, रंग, ओलावा आणि कचरा पाहिला जातो. यातला कचरा सोडला, तर बाकी सगळ्या गोष्टी त्या भिंतीत काय आहे आणि किती आहे यावर अवलंबून असतात. वाणाचा वाटा मोठा आहेच. पण एकाच वाणाचा कापूस पहिल्या वेचणीत एका भावाने आणि चौथ्या वेचणीत दुसऱ्या भावाने जातो, तेव्हा वाण तोच असतो आणि भिंत बदललेली असते. ती कशी बदलते हे समजण्यासाठी धाग्याची रासायनिक घडण माहीत असायला हवी.

शंभर किलो रुईचा हिशेब

ओलावा पूर्ण काढून टाकलेल्या रुईत ८८ ते ९६ टक्के सेल्युलोज असते. चांगल्या पक्व कापसात हे प्रमाण ९४ टक्क्यांच्या आसपास भरते. उरलेल्या भागात प्रथिने १ ते २ टक्के, पेक्टिन साधारण १ टक्का, खनिजे म्हणजे राख ०.७ ते १.६ टक्के, मेण ०.४ ते १ टक्का, मॅलिक व सायट्रिक यांसारखी सेंद्रिय आम्ले अर्धा ते एक टक्का आणि साखर ०.१ ते १ टक्का असते. लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा घटक, कापसाच्या धाग्यात जवळजवळ नसतोच. ताग आणि अंबाडीपासून कापूस वेगळा पडतो तो इथेच.

सेल्युलोज हे ग्लुकोजचे बनलेले आहे. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ आन्सेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये ते वनस्पतींपासून वेगळे करून ओळखले. ज्वारीच्या दाण्यातला स्टार्चही ग्लुकोजचाच असतो, पण जोडणी वेगळी. स्टार्चमध्ये ग्लुकोजचे कण अशा पद्धतीने जोडलेले असतात की साखळीला पीळ पडतो. ती पाण्यात फुगते, शिजते, पचते. सेल्युलोजमध्ये प्रत्येक पुढचा कण आधीच्याच्या उलट बाजूने वळलेला असतो, त्यामुळे साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या शेजारी-शेजारी येऊन एकमेकींना घट्ट धरतात. म्हणून त्याच ग्लुकोजपासून एका ठिकाणी भाकरी होते आणि दुसऱ्या ठिकाणी धोतर. कापसातील एका साखळीत दहा हजारांच्या आसपास ग्लुकोजचे कण असतात. साखळी जितकी लांब आणि अखंड, तितका धागा मजबूत. हा मुद्दा पुढे पावसात भिजलेल्या कापसाच्या वेळी पुन्हा येईल.

सेल्युलोजमध्ये फक्त तीन मूलद्रव्ये असतात: वजनाने कार्बन ४४ टक्के, हायड्रोजन ६ टक्के आणि ऑक्सिजन ४९ टक्के. तिन्ही हवेतून आणि पाण्यातून येतात. रुईमध्ये जमिनीतून आलेले जवळजवळ काहीच नसते. एक क्विंटल कापसात साधारण ३५ किलो रुई आणि ६० किलोंहून थोडी जास्त सरकी धरली, तर रुईबरोबर जेमतेम ७० ग्रॅम नत्र शेताबाहेर जाते, तर सरकीबरोबर दोन किलोच्या आसपास. ज्याच्यासाठी आपण कपाशी लावतो तो धागा जमिनीला फारसे लुटत नाही. लुटते ती सरकी. खतांचे नियोजन समजावून सांगताना विस्तार कार्यकर्त्यांना हा हिशेब उपयोगी पडतो, कारण सरकीची पेंड जनावरांना घालून शेणखत परत शेतात टाकणारा शेतकरी विकलेल्या कापसातले बरेचसे नत्र प्रत्यक्षात परत आणत असतो.

बाहेरचे मेण, आतले सेल्युलोज

धाग्याची भिंत थरांची असते. सर्वांत बाहेर मेण आणि पेक्टिनचा पातळ पापुद्रा, त्याखाली प्राथमिक भिंत, तिच्या आत जाड दुय्यम भिंत आणि मध्यभागी पोकळी. प्राथमिक भिंतीत सेल्युलोज निम्म्याहूनही कमी असते. पेक्टिन, प्रथिने, मेण यांचाच भरणा जास्त. दुय्यम भिंत मात्र जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. धाग्याच्या वजनाचा मोठा भाग याच दुय्यम भिंतीचा असतो. त्यामुळे ती नीट भरली नाही तर सेल्युलोजचे प्रमाण घसरते आणि मेण-पेक्टिनचे प्रमाण आपोआप वाढलेले दिसते. अपक्व कापसात मेण जास्त निघते, पण मेण काही जास्त तयार झालेले नसते.

मेणाचे प्रमाण एक टक्क्याच्या आत असले तरी त्याचे काम मोठे आहे. नुकत्याच वेचलेल्या कापसाची रुई पाण्यावर ठेवली तर ती तरंगते, दवाखान्यातला कापूस मात्र काही सेकंदांत बुडतो. दोन्ही सेल्युलोजच, फरक इतकाच की दवाखान्याच्या कापसातले मेण आणि पेक्टिन कॉस्टिक सोड्यात उकळून काढलेले असते. देवापुढच्या निरांजनातली फुलवात कच्च्या कापसाची असूनही तूप सहज पिते, कारण मेणाला पाण्याचे वावडे आहे, तुपाचे नाही. गिरणीत सूत कातताना हेच मेण वंगणासारखे काम करते आणि धागे एकमेकांवरून तुटल्याशिवाय सरकतात. म्हणून मेण सुताच्या अवस्थेपर्यंत हवे असते आणि रंगकामाच्या आधी नको असते.

बोंड उकलल्यावर पेशीतला रस वाळतो, पोकळी चपटी होते आणि धागा स्वतःभोवती पीळ घेतो. या पिळांमुळेच धागे एकमेकांत अडकतात आणि कातता येतात. भिंत पुरेशी जाड असेल तर पीळ नेमके पडतात. भिंत अगदी पातळ राहिली तर धागा फितीसारखा चपटा होतो आणि गाठी धरतो.

पहिले तीन आठवडे लांबीचे

फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धागा लांब होतो. या काळात भिंत पातळ आणि लवचिक असते. आत पाणी भरून दाब तयार होतो आणि पेशी ताणली जाते, फुग्यात हवा भरावी तशी. हा दाब टिकवण्यासाठी पेशीला आत पोटॅशियम, मॅलिक आम्ल आणि साखर विरघळलेल्या स्वरूपात लागते. कापसाच्या राखेत सर्वांत मोठा वाटा पोटॅशियमचा निघतो तो यामुळेच. राखेतले पोटॅशियम हे धागा ताणला गेला त्या दिवसांची उरलेली खूण आहे, असे म्हणता येईल.

या तीन आठवड्यांत पाण्याचा ताण पडला किंवा पोटॅशियम मिळाले नाही, तर धाग्याची लांबी कमी भरते, आणि नंतर पाणी दिले तरी ती भरून निघत नाही. आपल्या काळ्या जमिनीत पोटॅशियमचा साठा बहुधा चांगला असतो. पण वरचा थर कोरडा पडला की मुळांना तो उचलता येत नाही, आणि बोंडे लागल्यावर झाडाची मागणी तर एकदम वाढते. माती परीक्षणात पोटॅशियम पुरेसे दिसूनही बोंडे भरताना पाने कडेने पिवळी पडून करपतात, याचे एक कारण हे आहे. अशा वेळी १३:०:४५ या विद्राव्य खताची एक टक्का फवारणी आधार देते. ती ओलाव्याची जागा घेऊ शकत नाही. कोरडवाहू शेतात सरी काढून पाणी मुरवणे किंवा शक्य असेल तर फुले-बोंडांच्या काळात एक संरक्षित पाणी देणे याचा धाग्याच्या लांबीवर होणारा परिणाम कोणत्याही फवारणीपेक्षा मोठा असतो.

पुढचे तीन-चार आठवडे भरण्याचे

साधारण सोळाव्या ते विसाव्या दिवसापासून धागा आतून भरू लागतो. पानात तयार झालेली साखर बोंडात येते, तिचे ग्लुकोज होते आणि ते सेल्युलोजच्या साखळीत जोडले जाते. दुय्यम भिंतीत सेल्युलोजचे थर दिवसागणिक आतल्या बाजूने बसत जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हे थर झाडाच्या खोडातल्या वर्षवलयांसारखे दिसतात, फक्त इथे एक वलय एका दिवसाचे.

या कामाला थंडी मानवत नाही. रात्रीचे तापमान २० ते २२ अंशांच्या खाली गेले की सेल्युलोज बसण्याचा वेग मंदावतो. आता फुलांच्या तारखा लावून पाहू. १ सप्टेंबरला उमललेल्या फुलाचे बोंड साधारण २० सप्टेंबरपासून २० ऑक्टोबरपर्यंत भरते. तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात रात्री अजून उबदार असतात आणि जमिनीत ओल असते. १ नोव्हेंबरला उमललेले फूल मात्र २० नोव्हेंबरनंतर भरू लागते. रात्री थंड, जमीन कोरडी, पाने लाल्याने गेलेली. धागा लांबीला थोडाफार ठीक असतो, पण भिंत पातळ राहते. फरदडीच्या कापसाला भाव कमी का मिळतो याचे हे रासायनिक उत्तर आहे. गुलाबी बोंडअळीचा प्रश्न त्याहून वेगळा आणि मोठा. फरदड न घेण्याची शिफारस मुख्यतः त्यासाठी आहे.

भरण्याच्या काळात पाने टिकणेही तितकेच महत्त्वाचे. तुडतुड्यांनी किंवा लाल्याने पाने गेली तर बोंडापर्यंत साखरच पोचत नाही. सतत ढगाळ हवामानातही हेच घडते. बोंडअळीने पोखरलेल्या बोंडात अळीने खाल्लेल्या पाकळीतला कापूस घट्ट चिकटून राहतो, त्याला आपण कवडी म्हणतो. त्यातले धागे अर्धवट भरलेले आणि डागी असतात.

मायक्रोनेअर काय मोजते

भिंत किती भरली याचा अंदाज घेण्यासाठी मायक्रोनेअर मोजतात. ठरावीक वजनाची रुई एका नळीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. पातळ भिंतीचे धागे त्याच वजनात संख्येने जास्त बसतात, हवेला अडथळा जास्त होतो आणि आकडा कमी येतो. जाड धाग्यांचा आकडा जास्त येतो.

इथे एक गोम आहे. हा आकडा धाग्याची जन्मजात जाडी आणि त्याची पक्वता या दोन्ही गोष्टी एकत्र करून सांगतो. देशी कपाशीचा धागा मुळातच जाड असतो, म्हणून तिचे मायक्रोनेअर ५ च्या वर जाते. त्यात दोष काही नाही. बारीक धाग्याचे वाण पूर्ण पक्व असूनही ३.५ च्या जवळ येऊ शकते, आणि मध्यम वाणाचा तोच ३.५ अपक्वतेचा पुरावा असू शकतो. त्यामुळे वाण माहीत नसताना नुसत्या मायक्रोनेअरवरून कापूस कच्चा आहे असे म्हणणे धाडसाचे ठरते. एकाच वाणाच्या दोन वेचण्यांची तुलना करताना मात्र हा आकडा विश्वासाचा आहे.

हमीभावाची रचनाही या मापावर उभी आहे. मध्यम धागा म्हणजे २४.५ ते २५.५ मिलिमीटर लांबी आणि ४.३ ते ५.१ मायक्रोनेअर, लांब धागा म्हणजे २९.५ ते ३०.५ मिलिमीटर आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर. २०२५-२६ च्या हंगामासाठी यांचे हमीभाव क्विंटलला अनुक्रमे ७,७१० आणि ८,११० रुपये जाहीर झाले.

अपक्व धाग्याचा त्रास गिरणीला कातताना होतो तसाच रंगवतानाही होतो. रंग सेल्युलोजवर बसतो. जिथे सेल्युलोजचा थरच पातळ, तिथे कापडावर फिके ठिपके उमटतात, आणि ते पुन्हा रंगवूनही जात नाहीत. प्रयोगशाळेत पक्वता तपासण्यासाठी धागे १८ टक्के कॉस्टिक सोड्यात फुगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात: पक्व धागा फुगून गोल दांड्यासारखा होतो, कच्चा फितीसारखाच राहतो. इंग्लंडमधील जॉन मर्सर यांनी कॉस्टिक सोड्याचा हाच परिणाम कापडावर पाहिला आणि १८५० मध्ये त्याचे पेटंट घेतले. मर्सराइज्ड कापडातले मर्सर ते हे.

बीटी वाणांच्या धाग्याचे रसायन वेगळे असते का, असा प्रश्न शेतीशाळेत हमखास येतो. बीटी जनुकामुळे झाडात अळीला मारक प्रथिन तयार होते. धाग्यातले सेल्युलोज बीटी, सरळ वाण किंवा देशी कपाशी, सगळ्यांचे एकच. फरक असतो तो लांबी, जाडी आणि भिंतीच्या भरणाचा.

ओलावा: आठ टक्के कुठून आले

सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज कणावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात, आणि त्यांना पाण्याची ओढ असते. त्यामुळे कापूस हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो. ६५ टक्के आर्द्रतेच्या हवेत १०० किलो पूर्ण कोरडी रुई साधारण साडेआठ किलो पाणी धरते. एकूण वजनावर काढले तर हे प्रमाण ७.८ टक्के होते. म्हणजे खरेदीत धरला जाणारा आठ टक्के ओलावा कापसाच्या स्वभावाशी जुळणारा आहे. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान प्रमाणात कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही.

१२ टक्के ओलाव्याच्या एका क्विंटलमध्ये कोरडा माल ८८ किलो असतो. तोच माल ८ टक्के ओलाव्यावर आणला तर वजन सुमारे ९५.७ किलो भरते. म्हणजे कपात साधारण सव्वाचार किलोची. ती कपात टाळण्यासाठी कापूस वाळवणे हा साधा मार्ग, पण तो वाळवताना उन्हात कडक करू नये. फार कोरड्या कापसाचे धागे जिनिंगमध्ये तुटतात आणि लांबी कमी होते. याचे कारणही रसायनातच आहे: बहुतेक वस्तू ओल्या झाल्यावर कमकुवत होतात, कापूस मात्र ओला असताना कोरड्यापेक्षा मजबूत असतो. जिनिंगसाठी रुईत ६ ते ८ टक्के ओलावा चांगला मानतात.

वजन वाढवण्यासाठी कापसावर पाणी मारण्याचे प्रकार काही ठिकाणी होतात. गंजीत असा कापूस तापतो, सरकी श्वसन करू लागते, तिच्या तेलाची आम्लता वाढते आणि रुई पिवळी पडते. चार किलो पाण्यासाठी क्विंटलची प्रत घालवण्यात अर्थ नाही.

साखर आणि चिकटपणा

पक्व कापसात साखर अगदी थोडी उरते. कारण जी साखर आली तिचे सेल्युलोज झालेले असते. कच्च्या बोंडातल्या धाग्यात ती जास्त राहते. पण झाडाची स्वतःची साखर धाग्यात सगळीकडे पसरलेली असल्याने तिचा त्रास सहसा कमी असतो. खरा त्रास किडींच्या साखरेचा आहे.

मावा आणि पांढरी माशी रस शोषतात, आणि नको असलेली साखर चिकट थेंबांच्या रूपात बाहेर टाकतात. ही साखर झाडातली साखर राहत नाही. किडीच्या पोटात तिचे रूप बदलते. पांढऱ्या माशीच्या चिकट्यात ट्रेहॅल्युलोज ही साखर भरपूर असते, माव्याच्या चिकट्यात मेलेझिटोज. दोन्ही झाडात तयार होत नाहीत, त्यामुळे प्रयोगशाळेत त्या सापडल्या की थेट किडीकडे बोट दाखवता येते. ट्रेहॅल्युलोज हवेतले पाणी ओढून घेते आणि थोड्या उष्णतेनेही मऊ होते. गिरणीतल्या रोलरवर ती चिकटते, रुई गुंडाळली जाते आणि यंत्र थांबवावे लागते. चिकट कापूस एकदा एखाद्या भागातून आला की त्या भागाच्या सगळ्याच मालाकडे खरेदीदार संशयाने पाहतो, ज्याच्या शेतात पांढरी माशी नव्हती त्याच्याकडेही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की बंद बोंडातल्या धाग्याला चिकट्याचा धोका नसतो. पहिले बोंड उकलले की धोका सुरू होतो. म्हणून या टप्प्यापासून पांढरी माशी आणि माव्यावर नजर ठेवावी. पानांवर चमक, त्यावर काळी बुरशी दिसली तर उशीर झालेला असतो. जादा नत्रामुळे हिरवीगार राहिलेली कपाशी आणि सिंथेटिक पायरेथ्रॉइड कीटकनाशकांच्या वारंवार फवारण्या, या दोन्हींमुळे पांढरी माशी वाढते. शेवटच्या टप्प्यात युरिया टाकून झाड हिरवे ठेवण्याचा मोह टाळावा.

भिजलेला कापूस

उकललेल्या बोंडावर एखादी सर पडून लगेच ऊन पडले तर फारसे बिघडत नाही. उलट थोडी साखर धुऊन जाते. त्रास होतो तो दोन-तीन दिवसांच्या झडीने. ओल्या धाग्यावर बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते आधी साखर आणि पेक्टिन खातात, मग सेल्युलेज नावाचे विकर सोडून सेल्युलोजच्या साखळ्या मध्येच तोडू लागतात. वजनात यामुळे फारसा फरक पडत नाही, पण ताकद जाते. विहिरीच्या मोटेचा नाडा एका ठिकाणी कुरतडला तर वजनाला तो तेवढाच भरतो, कामाला मात्र संपलेला असतो, तसेच इथे. बुरशीच्या रंगद्रव्यांमुळे धागा करडा किंवा पिवळसर होतो आणि ती छटा ब्लीचिंगनेही पूर्ण जात नाही.

म्हणून भिजलेला कापूस वेगळा वेचणे, सावलीत हवेशीर जागी पातळ पसरून वाळवणे आणि वेगळाच विकणे हिताचे. चांगल्या कापसात मिसळल्याने वाईट कापसाचा भाव वाढत नाही, चांगल्याचाच उतरतो. वेचणी दव उठल्यावर सुरू करावी, आणि दुपारी पाने कुरकुरीत होऊन त्यांचा चुरा कापसात येण्याच्या आत जमेल तेवढी उरकावी.

जे सेल्युलोज नाही ते

वेचलेला कापूस खताच्या रिकाम्या प्लास्टिक गोण्यांत भरण्याची सवय अनेक गावांत आहे. या गोण्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. या प्लास्टिकमध्ये हायड्रॉक्सिल गट नसतात, त्यामुळे कापसाचा रंग त्यावर बसतच नाही. गोणीचा एक सुटलेला दोरा जिनिंगमध्ये शेकडो तुकडे होऊन रुईत मिसळतो, आणि रंगवलेल्या कापडावर पांढऱ्या रेघा होऊन दिसतो. तागाचे पोतेही पूर्ण निर्धोक नाही. तागात लिग्निन असल्याने त्याचा धागा वेगळा रंग धरतो. साड्यांचे जुने सुती कापड किंवा सुती चादर हीच सर्वांत चांगली. वेचणाऱ्या महिलांनी डोक्याला सुती फडके बांधावे; केसांमध्ये सेल्युलोज नसते, तेही रुईत तसेच राहतात.

ताग आणि अंबाडीच्या खोडापासून मिळणाऱ्या धाग्यात सेल्युलोज साधारण ६० ते ६५ टक्के, बाकी हेमिसेल्युलोज आणि १० ते १४ टक्के लिग्निन. म्हणून त्यांना पाण्यात कुजवून पेक्टिन सोडवावे लागते, आणि उन्हात ते पिवळे पडतात. जवसाचा धागा, ज्याचे लिनन होते, यांच्या मधला. खोडाच्या धाग्यांत सेल्युलोज इतर पदार्थांत गुंतलेले असते. कापसात ते जवळजवळ तयार स्वरूपात मिळते, आणि जगभर कापडासाठी वापरल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य धाग्यांत कापूस पुढे असण्याचे हे एक मोठे कारण आहे.

शेतीशाळेत करण्यासारखे

धाग्याच्या गुणधर्मांची तपासणी मुंबईत माटुंग्याला असलेल्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत होते. ही संस्था १९२४ पासून कापसाच्या धाग्यावरच काम करते, आणि नागपुरात तिचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पण काही गोष्टी बांधावरही दाखवता येतात. पहिल्या आणि शेवटच्या वेचणीतली एकेक सरकी घेऊन तिच्यावरचे धागे बारीक फणीने दोन्ही बाजूंना विंचरावेत आणि मोजपट्टीवर ठेवावेत. लांबीतला फरक डोळ्यांना दिसतो. रुईची चिमूट पाण्यावर ठेवून शेजारी दवाखान्याचा कापूस ठेवावा. चिकट्याचा संशय असेल तर कापूस मुठीत घट्ट दाबून सोडावा. स्वच्छ कापूस फुलून वर येतो, चिकट कापूस बोटांना धरून राहतो. धागा जाळला तर कागद जळल्यासारखा वास येऊन थोडी मऊ करडी राख उरते, प्लास्टिकचा दोरा मात्र वितळून त्याचा कडक मणी होतो. कॉस्टिक सोड्याची पक्वता चाचणी प्रयोगशाळेतच करावी. तो कातडी आणि डोळे भाजतो.